पाठ बघितलीस का?

वॉर्डात नवी स्टाफ नर्स रुजू झाली की चार दिवसांत चहाच्या वेळी ठरलेलं वाक्य कानावर येतं, "आजकालच्या मुलींना काम नको." मला ते पटत नाही. मेल मेडिकल वॉर्डाची इन्चार्ज म्हणून कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. जीएनएमच्या, बी.एस्सी.च्या, आता तर ब्रदरही येतात. काम नको असलेलं माणूस या वॉर्डात टिकतच नाही. त्यांच्याकडे उणीव असते ती अंगाला हात लावून पेशंट बघण्याची, आणि ती भरून काढणं हे आम्हा जुन्यांचं काम आहे.

पाठीचंच घ्या. अर्धांगवायूने पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे नव्या मुलीला तोंडपाठ असतं. चार्टवर ती वेळाही बिनचूक लिहिते. ड्युटी बदलते तेव्हा ओव्हर घेताना मी विचारते, "पाठ बघितलीस का?" की ती गप्प. मग दोघी मिळून त्याला कुशीवर घेतो. ओढायचं नाही, ड्रॉ शीटसकट उचलायचं, कारण ओढलं की कातडी घासली जाते. अंगाखाली कॅथेटरची नळी अडकली आहे का, चादरीला चुणी पडली आहे का, ओल आहे का, ते बघायचं. मग माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू. पुस्तकात बेडसोअरच्या सुरुवातीचं चित्र असतं: लाल डाग, बोटाने दाबला तरी फिका न होणारा. ती चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. आमच्याकडे येते ती शेतात राबलेली, उन्हाने रापलेली पाठ. तिच्यावर लाली दिसत नाही. तिथे हातानेच बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का? टणक झाली आहे का, की भिजवलेल्या कणकेसारखी मऊ पडली आहे? एकदा हे तिच्या बोटांना कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. पुढच्या ओव्हरला ती स्वतःच म्हणते, "मॅडम, सात नंबरची डावी टाच बघा."

हा धडा एका पिढीने दुसरीला कसा द्यावा, हे परळच्या केईएमने दाखवून दिलं आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्या तिथेच गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं त्यांचं सगळं केईएमच्या परिचारिकांनी केलं. शेवटी शेवटी ज्या मुली त्यांना भरवत होत्या, त्यांतल्या कित्येकींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर नाही, याचं बाहेरच्यांना नवल वाटलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांच्या सेवेचं कौतुक केलं. मला त्यात दिसतं ते रोजचं ओव्हर. जाणारीने येणारीला खाटेपाशी नेऊन दाखवलं, म्हणून ते चाललं. टेबलावर बसून रजिस्टर वाचून दाखवलं असतं तर चाललं नसतं.

नव्यांकडून आपणही घेण्यासारखं पुष्कळ आहे. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायची जुनी सवय आमच्या वॉर्डातून गेली ती या मुलींमुळे. सीनियरलासुद्धा त्या स्पष्ट सांगतात, "मॅडम, टोपण नको, सरळ कटरमध्ये." मला हा धीटपणा आवडतो. ५०० मिलीची सलाईन आठ तासांत द्यायची तर साध्या सेटने मिनिटाला वीस-एकवीस थेंब. हे गणित त्या मोबाईलवर करतात, मी मनगटावरच्या घड्याळावर थेंब मोजते. उत्तर एकच येत असेल तर भांडण कशाला? मात्र थेंब लावून पुढे गेल्यावर अर्ध्या तासाने परत यायचं, कारण पेशंटने हात दुमडला की थेंब मंदावतात. हे मोबाईल सांगत नाही.

पण परत यायला वेळ कुठे असतो? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक असा आहे. प्रत्यक्षात नाइटला चाळीस खाटांवर एक सिस्टर आणि एक मावशी, हे चित्र सरकारी दवाखान्यात राहिलेल्या कुणालाही नवं नाही. त्यात ती सिस्टर महिन्याभरापूर्वी रुजू झालेली. एका खाटेवर धाप लागलेली, दुसरीकडे नातेवाईक "सलाईन संपली" म्हणून हाका मारताहेत, आणि कूस बदलायला दुसरा हात नाही. सकाळी तिच्या चार्टात एक वेळ रिकामी दिसली की आपण म्हणायला मोकळे, आजकालच्या मुलींना काम नको!

म्हणून ड्युटीचा तक्ता लावणाऱ्या मेट्रन मॅडमना माझी विनंती आहे. माणसं कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही नव्या मुलीला पहिले तीन महिने एकटीला नाइट देऊ नका. तिच्यासोबत एक जुनी सिस्टर द्या. गरज पडली तर माझं नाव घाला.