आषाढातली मरळ

गळ टाकून बसलेल्या माणसाकडे पाहून रस्त्याने जाणाऱ्याला नेहमी वाटते, की जगात याच्याइतका रिकामटेकडा दुसरा कोणी नसेल. पण थोडा वेळ त्याच्याजवळ बसून पाहावे. वारा कुठून येतो, गवत कुठे हलले, पाण्यावर बुडबुडा कोणत्या जातीचा आला, याची नोंद तो एखाद्या कारकुनाच्या काटेकोरपणाने ठेवीत असतो. फरक इतकाच, की त्याची वही कोणाला दिसत नाही.

मी स्वतः कधी गळ टाकलेला नाही. तेवढा धीर माझ्या अंगी नाही. पण टाकणाऱ्याजवळ बसण्याचा छंद मला कात्रजच्या तळ्याने लावला. आमच्या शेजारचे आबा रंगकाम करीत आणि सुटीच्या दिवशी बांबूची काठी, दोरा नि बुचाचा तुकडा घेऊन वरच्या तळ्याकडे निघत. मी त्यांच्यामागे निघे. ते मला ‘मास्तर’ म्हणत आणि सारा वेळ गप्प बसवीत. शाळेतल्या माझ्या मुलांनी ते दृश्य पाहिले असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता!

कात्रजचे तळे मुळात माशांसाठी नव्हेच. पुण्याला गोडे पाणी मिळावे म्हणून १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्यावर हे काम करविले. त्यातली योजकता अशी, की वरच्या तळ्यात गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात उतरावे. तेथून बांधीव नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जाई. खालच्या तळ्याच्या काठी १९९९ साली प्राणिसंग्रहालय उभे राहिले, आणि लोक आता तिकडे वाघ पाहायला जातात. आबांचा वाघ मात्र पाण्यातच होता. त्याचे नाव मरळ.

मरळ पाहिली नसेल त्यांनी सापासारखे डोके, लांबट अंग आणि डोळ्यांच्याही मागे गेलेला जबडा डोळ्यांपुढे आणावा. ती पाठलाग करीत नाही. गवतात दबा धरून बसते आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की एका झेपेत गिळते. नुसत्या पाण्यातल्या हवेवर तिचे भागत नाही. मधूनमधून वर येऊन ती हवेचा घोट घेते, आणि त्या एका घोटावरून आबा तिचे वजन सांगत. काटे कमी आणि पचायला हलकी, म्हणून आजाऱ्याला नि अशक्ताला तिचा रस्सा देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे.

पाऊस सुरू झाला, काठचे गवत पाण्याखाली गेले, की मरळीची वीण होते. पिल्ले सुरुवातीला तांबूस केशरी असतात आणि शेकड्यांनी एकत्र राहतात. पाण्यावर कोणी मूठभर कुंकू सांडावे तसा तो पुंजका हलताना दिसतो. त्याच्या खाली, काळोख्या पाण्यात, आईबाप पहारा देत असतात. मरळ धरायला याहून सोपा काळ नाही. त्या पुंजक्यावर गळ टाकावा, की ती आलीच. भूक असो वा नसो. पोरांत कोणी परके शिरले म्हणून ती धावून येते.

एका वर्षी आषाढात आबांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सुखरूप होते, पण तिला फार अशक्तपणा आला होता. आबांच्या मंडळींनी सांगितले, “मरळ आणा.” पावसाळ्यात रंगकाम करणाऱ्याच्या हाताला काम नसते आणि बाजारात जिवंत मरळ स्वस्त नसते, तेव्हा आबा काठी घेऊन निघाले. मी छत्री घेऊन मागे.

तळ्याच्या कोपऱ्यात पोहोचलो तो समोरच ते कुंकू हलत होते. आबांनी गळाला बेडूक लावला, काठी उचलली, आणि तशीच धरून ठेवली.

“टाका ना, आबा,” मी कुजबुजलो.

“तांबडं दिसतंय ना? ही उचलली तर उद्यापर्यंत त्यातलं एक राहायचं नाही. चिलापी टपूनच असती.”

“पण ताईंसाठी—”

“तिच्यासाठीच तर आलोय,” आबा म्हणाले, आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. पावसाची एक सर आली नि गेली. मग त्यांनी बेडूक गळावरून सोडवला, काठी माझ्या हाती दिली आणि आम्ही बसने बाजारात गेलो. घमेल्यात वळवळणारी एक मरळ त्यांनी घासाघीस न करता घेतली. पैसे मोजताना त्यांचा हात सावकाश चालला होता.

परतताना माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हटले, “आबा, हिचीही पिल्लं कुठंतरी असतीलच की.”

आबा हसले. “असतील, मास्तर. पण ती मी बघितली नाहीत.”

हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवीत राहिलो. कोणी म्हणेल, ही मनाची फसवणूक आहे. मला तसे वाटत नाही. माणसाची दया त्याच्या नजरेइतकीच लांब जाते. त्यापुढचे अंतर चालून जायला रीतिरिवाज लागतात आणि कायदे लागतात.

अमेरिकेत मरळीचाच भाऊ शोभेल असा एक मासा आहे, मोठ्या तोंडाचा बास. तोही गवतात दबा धरतो, बेडूक खातो. वसंतात पाणी १५ ते २० अंशांपर्यंत तापले की नर तळाशी खळगे करून घरटे बांधतो आणि मादी अंडी घालून निघून जाते. बाळंतपणाची सारी उस्तवार बापाकडे! घरट्यावर गळ टाकला की हा बापही भुकेने नव्हे, रागाने तोंड घालतो. तो थोडा वेळ जरी दूर झाला, तरी दुसरे मासे अंडी फस्त करतात. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या काही भागांत वसंतात बासच्या शिकारीला बंदी असते. जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. मंदीचे दिवस होते. त्याने वजन करवून घेतले आणि मासा घरी नेऊन खाल्ला. त्याच्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तीही जपानच्या बिवा सरोवरात. गंमत अशी, की अमेरिकेत धरलेला बास पाण्यात परत सोडणे हा सभ्यपणा, तर बिवा सरोवरात परत सोडायला मनाई! तिथे तो बाहेरून आणलेला. तिथल्या मूळच्या माशांना त्याने खाऊन टाकले. आपली चिलापीही अशीच परकी, मूळची आफ्रिकेतली आणि १९५२ साली भारतात आणलेली. तीही आई म्हणून काही कमी नाही. अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळते. पण मरळीच्या पिल्लांना तिच्या मातृत्वाचा काय उपयोग?

तेव्हा नुसती दया पुरत नाही. तळे कोणाचे, हेही ठाऊक असावे लागते. आपल्या पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले, कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटली, आणि आज सरकार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवते. या साऱ्यामागे आबांचाच विचार आहे. ज्यांना पिल्ले दिसत नाहीत, त्यांच्या वतीने कोणीतरी ती पाहून ठेवलेली असतात.

दिवाळीपर्यंत तळ्याचे पाणी निवळते. तांबडी पिल्ले काळसर होऊन केव्हाच पांगलेली असतात आणि आईबाप आपापल्या गवतात एकटे दबा धरून बसतात. अशा वेळी आबा सकाळी लवकर उठून गळ टाकतात, आणि मरळ लागली तर जराही न कचरता घरी नेतात. लेकीचा मुलगा आता त्यांच्या शेजारी बसतो. त्यालाही ते गप्प बसवतात.