होड्या कुठे गेल्या?

प्रवासाहून परतलेल्या माणसाने फोटो दाखवायला काढले की पाहुण्याने घड्याळाकडे पाहावे, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. कारण त्या फोटोंत माणसे फार असतात. ताजमहालासमोर मेहुणे, मेहुण्यांच्या शेजारी साडू, साडूच्या कडेवर रडणारे पोर आणि पोराच्या टोपीमागून डोकावणारा एक मिनार. पूर्वी हे सारे आल्बममधून निघे, आता खिशातल्या फोनमधून निघते, एवढाच काय तो फरक. अशा फोटोंना मी पुष्कळ हसलो आहे. अलीकडे मात्र त्यांच्याविषयी मला जिव्हाळा वाटू लागला आहे, आणि त्याला कारण माझा भाचा.

भाचा पुण्याला नोकरी करतो आणि सुटी मिळाली की कॅमेरा व तिकाटणे घेऊन भटकतो. त्याच्या फोटोंत माणसे नसतात. रंगही नसतात. एक चौकोन, त्यात वरपासून खालपर्यंत पांढरे, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे कधी कुंपण असते, कधी काठी, कधी झाड. हे कुठले, असे विचारले तर तो किंचित हसतो. "मामा, कुठले याला महत्त्व नाही," असे म्हणतो. प्रवासाच्या फोटोविषयी असे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकले.

या संप्रदायाचा त्याचा गुरू म्हणजे मायकेल केना. १९५३ साली इंग्लंडात जन्मलेला हा मोठा कलावंत. अजून फिल्म वापरतो, अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हाताने फोटो छापतो. कॅमेऱ्याची झडप तो मिनिटेच नव्हे, रात्रीच्या वेळी कधी तासन् तास उघडी ठेवतो. मग लाटांचे धुके होते, ढगांच्या रेघा होतात. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर त्याने काढलेले बर्फातले फोटो जगभर नावाजले गेले. भाच्याने त्याचे पुस्तक आणून दिले, ते मी दोनदा पाहिले. सुंदर आहे, यात शंका नाही. पाहताना आवाज खाली जातो, देवळात गेल्यासारखा.

काळ्यापांढऱ्याशी माझे वैर असण्याचे कारण नाही. सारे आयुष्य काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिण्यात चालले आहे. रघुवीर सिंग या आपल्या थोर छायाचित्रकाराचा आग्रह असे की भारत रंगातच पाहायला हवा. मी तितका हट्टी नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे सुनील जाना यांनी काढलेले फोटो काळेपांढरेच आहेत, आणि त्यांतल्या डोळ्यांना चुकवून पुढे जाता येत नाही. कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच प्रवासी १९४८ साली श्रीनगरला हरिपर्वतावर उभा होता. त्याच्या फोटोत प्रार्थना करणाऱ्या चारदोन बायका, समोर दरी, लांब डोंगर. तिथेही पसारा नाही. पण एका बाईचे पुढे पसरलेले हात आहेत, आणि त्या हातांमुळे तो डोंगर नुसता आकार न राहता काश्मीरचा होतो.

तेव्हा तक्रार रंगाची नाही, कमीपणाचीही नाही. पुसण्याची आहे.

पुसणे कॅमेऱ्याला जन्मापासून येते. १८३८ साली दागेरने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसे होती. पण त्या काळच्या तबकडीवर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. जे चालत होते ते सारे नाहीसे झाले. बूट पुसून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून जो उभा राहिला, तो आणि त्याच्या पायाशी बसलेला, एवढीच काय ती खूण राहिली. दागेरचा तिथे नाइलाज होता. आता क्षणाच्या हजाराव्या भागात चित्र उमटते, आणि माझा भाचा भिंगावर काळी काच मुद्दाम बसवून तो नाइलाज विकत आणतो.

गेल्या हिवाळ्यात तो आमच्या गावी आला. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचे. पहाटे धक्क्यावर जाऊन त्याने खाडीच्या तोंडाशी असलेल्या खुंटांचा फोटो काढला. झडप चार मिनिटे उघडी. त्या चार मिनिटांत होड्या येत होत्या, बायका टोपल्या घेऊन वाळूवर उतरत होत्या. फोटोत काय आले? दुधासारखे पाणी आणि त्यात सात काळ्या रेघा. त्याने तो मोठा छापून मला भेट म्हणून पाठवला.

एक वृद्ध नाखवा नातीचा दाखला न्यायला शाळेत आले होते, त्यांच्या हातात मी तो दिला. भाचाही त्या दिवशी तिथेच होता. नाखव्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"मास्तर, हे आपलंच बंदर ना? मग होड्या कुठं गेल्या?"

भाच्याने चार मिनिटांचा हिशेब समजावून सांगितला. म्हातारबुवांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमची होडी दिसेनाशी झाली तर आम्ही शोधायला निघतो, बाबा."

त्यानंतर ते बोटाने खुंट मोजू लागले. हे खुंट डोल जाळे बांधायचे. भरतीओहोटीच्या ओढीत पिशवीसारखे जाळे तोंड उघडून उभे राहते आणि बोंबील त्यात शिरतात. कुणी कुठे जाळे लावायचे हे ठरलेले असते. बापाची जागा मुलाकडे येते. पहिला अमक्याचा, दुसरा त्याच्या चुलत्याचा, असे सांगत ते तिसऱ्यापाशी थांबले. तो थोडा वाकडा आहे. "हा आमच्या दादूसचा. तो गेला तवापासून याला जाळं लागलं नाही."

त्या तिसऱ्या खुंटामुळेच चित्राला तोल आला आहे, असे भाचा मला आदल्या रात्री म्हणाला होता. आता तो काही बोलला नाही. पण संध्याकाळी त्याने वाद घातलाच. त्याचे म्हणणे असे की हे चित्र म्हणजे हायकू आहे, थोडक्यात सारे. हायकू आम्हांलाही ठाऊक आहे. शिरीष पै यांनी ते मराठीत आणले. पण जुन्या जपानी हायकूत ऋतू सांगणारा शब्द असावा लागतो. कुठला दिवस, कुठली हवा, हे त्या एवढ्याशा जागेतही सुटत नाही. आणि हायकूंचा राजा बाशो १६८९ साली उत्तरेच्या वाटेला लागला, तेव्हा नासूच्या माळावर त्याला घोडा उसना देणारा शेतकरी त्याने आपल्या प्रवासवर्णनातून वगळला नाही. घोड्यामागे धावणारी पोरेही वगळली नाहीत.

आणि वगळलेला माणूस खरोखर नाहीसा होतो का? होक्काइदोतल्याच बिएइ गावी एक कललेले पॉपलरचे झाड होते. विचारात मान कलती केल्यासारखे दिसे, म्हणून लोक त्याला तत्त्वज्ञाचे झाड म्हणत. फोटोंत ते एकटे असे, भोवती पांढरे. प्रत्यक्षात ते भोवतालचे पांढरे म्हणजे एकाचे शेत होते. फोटो पाहून लोक येत गेले, शेत तुडवत गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत मालकाने झाड तोडले. २०२५ च्या जानेवारीत त्याच गावी भूर्जांची सुमारे ४० झाडांची एक रांग अशीच गेली. चित्रातून ज्याला बाहेर ठेवले होते, तोच शेवटी कुऱ्हाड घेऊन चित्रात आला, असे मला वाटते. त्या बेटाचे तर नावच १८६९ साली ठेवलेले. त्याआधीपासून तिथे ऐनू लोक राहत, आणि तिथले मूळचे लोक म्हणून त्यांना कायद्याने मान्यता मिळाली २०१९ साली. ज्या कुश्शारो सरोवराकाठचे झाड केनामुळे प्रसिद्ध झाले, त्या सरोवराचे नावही ऐनू भाषेतले. कोऱ्या बर्फावर यातले काहीच लिहिलेले नसते.

पण याच केनाने बारा वर्षे नाझींच्या छळछावण्यांचे फोटो काढले आणि २००० साली त्यांच्या निगेटिव्ह फ्रान्सला देऊन टाकल्या. त्यांतही माणसे नाहीत. तिथे मात्र रिकामी जागा आपल्याशी बोलते, कारण तिथून कोण नाहीसे झाले हे आपल्याला ठाऊक असते. रिकामेपणाला अर्थ येतो तो अनुपस्थितांची नावे माहीत असली तर. हे मी भाच्याला म्हणालो. गणिताच्या वहीत मी शेरा लिहितो, 'उत्तर बरोबर, रीत दाखवलेली नाही', तसे त्याच्या फोटोचे आहे. अर्धे गुण देतो. पण तेवढ्यावर पोराने समाधान मानू नये.

कादंबरीच्या धंद्यात आम्हीही माणसे गाळतो. गाळल्याशिवाय गोष्ट होत नाही. मात्र गाळलेल्या माणसाचे नाव, गाव आणि त्याला काय दुखत होते, हे लिहिणाऱ्याला माहीत असावे लागते. नाहीतर जो राहिला तोही कागदी होतो.

भाच्याने मनावर घेतले की नाही, सांगता येत नाही. त्याचा नवा फोटोही तसाच आला आहे, पांढऱ्यात एक काठी. पण या खेपेला त्याने मागे पेन्सिलीने काठीच्या मालकाचे नाव लिहिले आहे. खुंटांचा फोटो मी वर्गात लावला. कोळीवाड्यातली मुले मधल्या सुटीत त्याच्यापुढे उभी राहतात आणि त्या दुधाळ पाण्यावर बोटे ठेवून एकमेकांना सांगतात, इथे आमची होडी होती, इथे तुमची. काच रोज बोटांनी मळते. मी पुसून घेत नाही.