गाणाऱ्या शाळेच्या गावाला

दोस्तांनो, तुमच्या शाळेत गाण्याचा तास आठवड्यातून किती वेळा असतो? एकदा? आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला जातो, हो ना? मग चला, आज अशा गावाला जाऊ, जिथल्या एका शाळेनं गाण्याला गणिताच्या शेजारी मानानं बसवलं.

गाव आहे युरोपातल्या हंगेरी देशात. नाव केचकेमेत. राजधानी बुडापेस्टपासून आग्नेयेला सुमारे ८५ किलोमीटर. आगगाडीच्या दोन्ही बाजूंना सपाट मैदान, डोंगर औषधालाही नाही! हा भाग जर्दाळूंसाठी प्रसिद्ध. हंगेरियन भाषेत 'केच्के' म्हणजे बकरी आणि गावाच्या मानचिन्हावरही बकरीच आहे, बरं का!

स्टेशनवर उतरलात की लगेच पुढे पळू नका. या स्टेशनातच, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी, १६ डिसेंबर १८८२ रोजी झोल्तान कोदाय यांचा जन्म झाला. पुढे ते मोठे संगीतकार झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आणि त्यांचे मित्र बेला बार्तोक खेड्यापाड्यांत हिंडले. सोबत फोनोग्राफ नावाचं यंत्र. खेड्यातली माणसं गायची आणि यंत्रातल्या मेणाच्या नळीवर गाणं कोरलं जायचं. पण नळीत गाणं साठवून काय उपयोग? ते मुलांच्या तोंडी नसेल, तर म्हाताऱ्या माणसांबरोबरच संपणार!

म्हणून कोदाय शाळांकडे वळले. मोठ्या नाट्यगृहाच्या संचालकापेक्षा लहान गावातला गाण्याचा शिक्षक कोण आहे, हे जास्त महत्त्वाचं, असं ते म्हणत. संचालक वाईट निघाला तर बदलता येतो. वाईट शिक्षक मात्र वर्षानुवर्षं मुलांची गाण्याची गोडी मारत राहतो!

१९५० साली याच केचकेमेतमध्ये पहिली 'गाणारी प्राथमिक शाळा' सुरू झाली. प्रमुख होत्या मार्ता नेमेसेगी. इथे गाण्याचा तास रोज! वाद्य विकत घ्यावं लागतं, गळा तर प्रत्येकाकडे असतोच. म्हणून सुरुवात गळ्यापासून आणि आपल्या मातीतल्या गाण्यांपासून.

ते कसं शिकवतात, करून पाहायचंय? 'सो' आणि 'मी' हे त्यांचे पहिले दोन सूर, म्हणजे आपले प आणि ग. 'सो'साठी तळहात छातीसमोर उभा धरा, अंगठा वर. 'मी'साठी तळहात जमिनीकडे करून आडवा. 'दो' म्हणजे मूठ. या खुणा मूळच्या इंग्लंडमधल्या. कोदाय यांच्या पद्धतीनं त्या आपल्याशा केल्या. शिक्षकांचा हात वरखाली होतो आणि वर्ग गातो. सूर डोळ्यांना दिसतो!

आता ताल. चालताना पडणारं पाऊल म्हणजे 'ता', पळताना पडणारी दोन पावलं म्हणजे 'ती-ती'. आणि गंमत पाहा, त्यांचा 'दो' आपल्या 'सा'सारखाच हवा तिथे हलतो. काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, 'सा' तो 'सा'च!

सगळ्यात छान खेळ आहे मनातल्या गाण्याचा. गाणं चालू असताना शिक्षक खूण करतात, वर्ग गप्प होतो. पण मनात गाणं चालूच. पुन्हा खूण झाली की सगळे एकदम पुढच्या ओळीवर! आज घरी भावंडांबरोबर खेळून बघा. कोण पुढे पळतं, कोण मागे राहतं, लगेच कळेल.

गावात फिरताना नगरभवनासमोर नक्की थांबा. तिथला घंटांचा संच ठराविक वेळी सूर छेडतो. जवळच जुन्या मठात १९७५ साली कोदाय यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तिथे देशोदेशीचे शिक्षक ही पद्धत शिकायला येतात. २०१६ साली तर लोकगीतं जपण्याच्या या मार्गाला युनेस्कोनंही मान दिला.

आईबाबांनो, एक शब्द तुमच्यासाठीही. 'तुला आवाज नाही, तू मागे उभा राहा,' हे वाक्य मुलाला एकदा ऐकवलं की ते पुढे आयुष्यभर तोंड उघडत नाही. कोदाय यांचं म्हणणं होतं, संगीत सगळ्यांचं आहे. निवडक हुशार मुलांचं नव्हे.

आणि दोस्तांनो, फोनोग्राफ आपल्याकडे नसेना का! आजीला जात्यावरची ओवी येत असेल, भोंडल्याचं एखादं विसरलेलं गाणं ठाऊक असेल. या रविवारी तिच्याजवळ बसा, वहीत उतरवून घ्या आणि मुख्य म्हणजे तिच्याबरोबर गा!