रिकामी दिसणारी कुंडी

मीरा रोडच्या जुन्या वसाहतींत तळमजल्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला ऊन येत नाही. दोन इमारतींमधल्या आमच्या मागच्या पट्ट्यात ते दुपारी जेमतेम उतरतं आणि लगेच निघून जातं. तिथे तुळस लांबुडकी होते, जास्वंदीला कळी धरत नाही, मोगरा नुसता पाला काढतो. नेचे मात्र खूश.

पहिला तर न बोलावताच आला. सांडपाण्याच्या पाइपाशी, विटांच्या सांध्यात, लांबट पानं काढून तो केव्हाचा बसलाय. शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. चुन्यासिमेंटचा सांधा त्याला मानवतो. मातीतलं आर्सेनिक शोषून हा पानांत साठवतो, हे २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. आमच्या सेक्रेटरींना त्याच्यात फक्त गळती दिसते, आणि त्यांचं चूक नाही. पाणी कुठून झिरपतंय हे प्लंबरच्या आधी नेच्यालाच कळतं.

माझा जीव मात्र हंसराजावर. काळीभोर चकचकीत दांडी, तिच्यावर अर्धचंद्राची हिरवी पानं. थेंब पडला की घरंगळतो, पान कोरडंच. दांडीचं टोक लांबत जातं, वाकून मातीला टेकतं, तिथेच मूळ धरतं आणि नवं रोप उभं राहतं. मग त्या रोपाचं टोक पुढे निघतं. असा तो एका कुंडीतून शेजारच्या कुंडीत चालत जातो. श्रावणात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले ओले कातळ त्यानं भरलेले असतात. तिथून रोप उपटणं कायद्यानं मना आहे, आणि गरजही नाही. आपल्याच कुंपणाच्या शेवाळलेल्या भिंतीवर जरा निरखून पाहावं. झेव्हियर कॉलेजातले फादर ब्लाटर यांनी डी'आल्मेडांबरोबर १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर अख्खं पुस्तक काढलं. आपण मात्र अजून त्यांना तण म्हणून खरवडतो.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या मागे तपकिरी भुकटी धरते, ते बीजाणू. पिकलेलं पान रात्रभर कागदावर पालथं ठेवायचं, सकाळी कागदावरची भुकटी ओल्या विटेवर झटकायची, वीट पाण्याच्या थाळीत ठेवून वर काचेचं भांडं झाकायचं. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी साय धरते. भिंगातून पाहिलं तर नखाहून लहान, बदामाच्या आकाराचे पापुद्रे. नर-मादीचा सगळा संसार या पापुद्र्यावर, आणि पुंबीजाला मादीपर्यंत पोहायला पाण्याचा थर हवा. नेच्याच्या आयुष्यातल्या या दोन पिढ्यांचा उलगडा हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५१ साली केला. सावली आणि ओल हे नेच्याचे लाड नव्हेत. त्यांच्यावाचून त्याचा वंशच पुढे जात नाही.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. हंसराज पिवळा पडतो, होळीपर्यंत कुंडीत नुसती माती. मावशी झाडताना विचारतात, "ताई, ही टाकू का? मेलंय ह्यातलं." मी म्हणते, "राहू द्या मावशी, आहे तो आत." आत दोरीएवढं खोड निजलेलं असतं; चार-पाच दिवसांनी त्यावर ओंजळभर पाणी शिंपडायचं, जास्त घातलं तर कुजतं. नर्सरीतला बॉस्टन फर्न बारमाही हिरवा राहतो. तो अमेरिकेतला, दिसायला देखणाही आहे. पण ज्याला आपला वैशाख कळतच नाही, त्याच्याशी माझं फारसं जमत नाही.

सध्या सोसायटीनं मागच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलंय. पाइपाजवळचा नेचा जाणार, त्याला इलाज नाही. त्याची पिकलेली पानं मी वर्तमानपत्रात घालून ठेवलीत आणि मुकादमाकडे सांध्यातल्या जुन्या विटा मागितल्या. "टाकाऊ रॅबिटच आहे, बाई. अजून पोतंभर टाकू का?" त्यानं विचारलं. मी दारामागे जागा दाखवली.