सील बदलण्याआधी

दसरा जवळ आला की ऊसवाहतुकीच्या जुन्या गाड्या गॅरेजच्या दारात लागायला सुरुवात होते. पावसाळाभर एका जागी उभी राहिलेली गाडी, आणि मालकाची घाई अशी की संध्याकाळी फडावर पोचलीच पाहिजे, ऊसतोडीची टोळी येऊन बसली आहे. "मेस्त्री, पावरचा पंप गळतोय. सील टाका आन् सोडा गाडी." वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रकबद्दल हे इतक्या सहज बोललं जातं, की ऐकणाऱ्याला वाटावं पॉवर स्टिअरिंगचा पंप म्हणजे घरचा नळ आणि सील म्हणजे त्यातलं वायसर.

सील टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते का गेलं हे शोधायला डोकं लागतं, आणि त्याची मजुरी मात्र बिलात लावता येत नाही.

गळका पंप मी आधी धुतो. डिझेल आणि ब्रश घेऊन पंप, पाइप, ब्रॅकेट, खालचा क्रॉस मेंबर सगळं स्वच्छ करायचं, हवा मारून सुकवायचं आणि वर खडूची पूड उडवायची. मग गाडी चालू करून एकाला स्टिअरिंग व्हील फिरवायला लावायचं आणि आपण टॉर्च घेऊन बघत बसायचं. ऑइल थेंबतं सगळ्यात खालच्या जागी, आणि पंख्याचा वारा ते भलतीकडेच नेऊन टाकतो. त्यामुळे थेंब जिथं लोंबतोय तिथं दोष असेलच असं नाही. टाकीच्या होसची सैल क्लिप, प्रेशर पाइपच्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर, मागच्या झाकणाची ओ-रिंग यांतलं काहीही निघू शकतं. क्लिप आवळून सुटणाऱ्या गळतीसाठी आख्खे पंप खोललेले मी पाहिले आहेत. एक गोष्ट मात्र पोरांना बजावून सांगतो: चालू गाडीत प्रेशर पाइपवरून हात फिरवून गळती शोधायची नाही. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते ११०-१२० पौंड. या पाइपात व्हील शेवटपर्यंत वळलं की दाब १५०० ते २००० पौंडांवर जातो. केसाएवढ्या चिरेतून निघालेली धार कातडीच्या आत शिरते, वर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठा धरून बघायचं.

आता हा २००० पौंडांचा आकडा ऐकला की प्रत्येकाला वाटतं, दाबानंच सील उडालं असणार. तसं नसतं. शाफ्टचं सील पंपाच्या ओढीच्या बाजूला असतं, दाबाच्या नव्हे. आतला रोटर फिरतो, त्याच्या खाचांमधल्या पात्या बाहेर फेकल्या जाऊन लंबगोल रिंगला घासत राहतात, एका फेरीत दोनदा ऑइल ओढतात आणि दोनदा ढकलतात. सीलच्या वाट्याला त्यातला दाब जवळपास येतच नाही. म्हणून तर एक गमतीची तक्रार येते: "चालू गाडीत थेंब नाय, सकाळी बघावं तर खाली डाग." पंप चालू असताना त्या फाटक्या सीलमधून हवा आत ओढली जाते, गाडी बंद झाली की तिथूनच ऑइल बाहेर पडतं. टाकीचं झाकण काढलं की लाल ऑइलवर दुधासारखा फेस दिसतो आणि व्हील वळवताना पंप रडतो, तो याच हवेमुळे.

दाब नाही, तर सील मरतं कशानं? बहुतेक वेळा शाफ्टच्या बुशमुळे. पट्टा आवाज करतो म्हणून कुणीतरी तो तारेसारखा ताणलेला असतो. तो शाफ्टला रात्रंदिवस एका अंगाला ओढतो. बुश झिजतं, शाफ्ट डुलायला लागतो आणि सीलची ओठासारखी पातळ कड त्याच्या मागं धावू शकत नाही. तिथं नवं सील टाकलं तर ते हंगाम काढत नाही. पुली दोन्ही हातांत धरून वर-खाली हलवून बघितली की अर्धं उत्तर तिथंच मिळतं. दुसरं कारण आमच्या भागातलं खास: पावसाळ्यातला मुक्काम. कड चार महिने शाफ्टला एकाच जागी चिकटून राहते, तिच्या बाहेरच्या अंगाला गंजाची रेघ धरते, आणि हंगामाच्या पहिल्या सेल्फला ती गंजाची रेघ कडेला कानशीसारखी घासते. तिसरं कारण बाटलीतलं. गळती थांबवायला टाकीत ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग आहेत. दोन दिवस रबर फुगतं, गळती थांबल्यासारखी वाटते. मग पंपाचंच नव्हे, स्टिअरिंग बॉक्सचंही प्रत्येक रबर मऊ होऊन जातं. शंभराच्या बाटलीनं हजारोंचं काम काढलेलं असतं.

काही इंजिनांत हा पंप पट्ट्यावर नसतो, टायमिंगच्या गिअरवर किंवा कॉम्प्रेसरच्या मागं बसवलेला असतो. तिथलं शाफ्ट सील गेलं तर बाहेर एक थेंब दिसत नाही. स्टिअरिंगची टाकी रिकामी होत राहते, ड्रायव्हर भरत राहतो, आणि ते सगळं इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरतं. अशा वेळी इंजिनची डिपस्टिक काढून बघायची. ऑइल न घालता पातळी चढली असेल तर चोर सापडला.

पॉवर स्टिअरिंगला कामाचं रूप दिलं तेच मुळी एका ट्रकवाल्यानं. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात इंजिनिअर होता. १९२६ साली त्यानं ते गाडीवर बसवून दाखवलं. विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरिअलमध्ये. आपल्याकडं वढू बुद्रुक म्हटलं की संभाजीमहाराजांची समाधी आठवते. ट्रकांची स्टिअरिंगं बनवणारा कारखानाही त्याच गावात आहे. पॉवर नसलेल्या गाड्या चालवलेले जुने ड्रायव्हर अजून भेटतात. चिखलाच्या फडात भरलेली गाडी वळवताना ते सीटवरून उठून व्हीलला लोंबकळायचे.

पंप खोलल्यावर मी सगळ्यात आधी शाफ्टवरून नख फिरवतो. सील बसतं त्या जागी नख अडकलं, की तिथं चर पडली आहे. हलकी असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवायचा, लांबीत कधीच नाही. उभा ओरखडा म्हणजे ऑइलला काढून दिलेला पाट. खोल असेल आणि जागा असेल तर नवं सील एखादा मिलिमीटर अलीकडे बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या जागेवर चालते. पात्या काढताना ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं ताटात मांडायच्या. गोल घासलेली कड रिंगच्या बाजूला. उलटी बसली तर दाब बनत नाही आणि दोष मात्र नव्या सीलवर येतो. पुसायला चिंध्या नकोत. एक धागा पंपातल्या व्हॉल्व्हमध्ये अडकला की व्हील मधेच जड होतं. तो व्हॉल्व्ह धुऊन, ऑइल लावून त्याच्या भोकात सोडला तर स्वतःच्या वजनानं सरकायला हवा.

सीलची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून त्यावरून सील सरकवायचं, नाहीतर नवी कड खाचेलाच कापली जाते. आणि हातोडीनं कडेकडेला ठोकायचं नाही. मापाचं बुश ठेवून सरळ दाबायचं.

हवा काढताना घाई करणारे फार. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं आणि टाकी भरत राहायची. बुडबुडे थांबले की मगच सेल्फ मारायचा. कोरडा फिरलेला नवा पंप पहिल्या काही मिनिटांतच जुना होतो.

रिंगवर आतून लाटा पडल्या असतील तर मी मालकाला सरळ सांगतो की हा पंप ठेवून द्या, यात सील टाकणं म्हणजे पैसे घालवणं आहे. ते राग धरतात, धरू देत.

ड्रायव्हर मंडळींनो, कारखान्याच्या आवारात नंबराला उभे असताना व्हील टोकाला वळवून तसंच धरून ठेवू नका. त्या वेळी पंपातलं ऑइल जागच्या जागी घुसळून उकळत असतं. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर आठ-पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून व्हील दोन्हीकडे फिरवा. लिटरभर डिझेल जळेल, पण नवा पंप त्याहून कितीतरी महाग आहे.