मरियेचा सव्वा महिना

नाताळची सजावट केव्हा उभारावी याविषयी आपल्या घरांत फारसा वाद होत नाही. आगमनकाळ निम्मा उलटला की मुले आपणहून कामट्या आणि पतंगी कागद घेऊन बसतात, चांदणी आकार घेऊ लागते आणि कोणी न सांगता घराचा एक कोपरा गव्हाणीसाठी रिकामा होतो. वाद होतो तो सजावट उतरवण्यावरून. नव्या वर्षाचा पहिला दिवस मावळला की एक जण म्हणतो, "आता काढा." दुसरा म्हणतो, "तीन राजे तर अजून वाटेवरच आहेत." बहुतेक घरांत तर हा निर्णय कोणी घेतच नाही. विजेची माळ बंद पडते, कडब्यात उंदीर शिरतो किंवा पाहुणे येणार म्हणून कोपरा लागतो. आणि ज्या बाळाच्या स्वागताची महिनाभर तयारी केली, त्याला घाईघाईने खोक्यात घालून माळ्यावर टाकले जाते.

प्रश्न लहान आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु घरातील अशा लहान प्रश्नांची उत्तरे देताना माणसाची श्रद्धा काय मानते आणि काय मानत नाही, हे कळून येते. म्हणून वाचकांपुढे हा विषय मांडावा असे वाटले.

आमचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत त्याहून थोडा थोरला. १९७७ साली तो अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील आमच्या लोकांची गव्हाणी बाजारातून येत नाही. तिला लागणारे सारे रानातच असते. तुराट्यांच्या भिंती, कडब्याचे छप्पर, बोळक्यात काळी माती भरून पेरलेला गहू आणि वेचणीतून राखून ठेवलेला मूठभर कापूस. हा कापूस म्हणजेच आमच्याकडचा बर्फ! मूर्ती तेवढ्या विकतच्या. एखाद्या मेंढराचा पाय मोडलेला, योसेफाच्या अंगरख्याचा रंग उडालेला. तरीही घरातील लहानथोर त्या कोपऱ्यापाशी येताना नकळत आवाज खाली आणतात.

या प्रथेचे मूळही गोठ्यातलेच आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, खरे गाढव आणि खऱ्या गवताने भरलेली गव्हाण आणवून नाताळची रात्र साजरी केली. त्याच गावी जाऊन पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी गव्हाणीविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली आणि घराघरांतून ही प्रथा टिकावी, अशी इच्छा व्यक्त केली. गव्हाणी मांडण्यास चर्चचे असे प्रोत्साहन आहे. पण घरातील गव्हाणी अमुक दिवशीच उचलावी, असा नियम मात्र चर्चने केलेला नाही. तो निर्णय कुटुंबावर सोपवलेला आहे.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे पाहिले तर त्यांनाही ही मोकळीक असल्याचे दिसते. कोणाकडे गणपती दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, तर कोणाकडे दहा दिवसांचा. दिवाळीचा आकाशकंदील कोणी तुळशीचे लग्न लागेपर्यंत ठेवतो, तर कोणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. परंतु त्या मोकळिकीतही एक शिस्त आहे. ज्या घराण्याची जी रीत, ती पिढ्यान्पिढ्या पाळली जाते आणि निरोपाच्या दिवशी सारे घर एकत्र उभे राहते. आपल्याकडे आगमनाचा सोहळा आहे. निरोपाचा बहुधा नाही.

तारखांचा विचार करू. १ जानेवारी हा नाताळनंतरचा आठवा दिवस, देवमाता मरियेचा सण. जगाचे नवे वर्ष सुरू झाले म्हणून त्या दिवशी गव्हाणी उचलणे म्हणजे आईच्याच सणाला आईला घराबाहेर काढण्यासारखे आहे. त्यानंतर येतो प्रभुप्रकटीकरणाचा सण. त्याची मूळ तारीख ६ जानेवारी. गोव्यात चांदोर आणि रेईस मागोस येथे तीन राजांचे फेस्त त्याच तारखेला भरते. आपल्या चर्चमध्ये मात्र हा सण २ ते ८ जानेवारी यांदरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा होतो. त्याआधी गव्हाणी उचलली, तर दूर पूर्वेकडून निघालेल्या त्या पाहुण्यांना रिकामा कोपरा पाहून परत फिरावे लागेल.

तिसरा दिवस प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचा. १९६९ साली सुधारलेल्या उपासनेच्या दिनदर्शिकेप्रमाणे नाताळकाळ या दिवशी संपतो आणि सामान्य काळ सुरू होतो. आपल्याकडे हा सण ८ ते १३ जानेवारी यांदरम्यान, म्हणजे नेहमी संक्रांतीच्या तोंडावर येतो. शेजारी तीळगुळाची तयारी सुरू झाली की आपला नाताळ संपत आला असे समजावे! ज्यांना नियमाला धरून चालायचे आहे त्यांच्यासाठी हाच दिवस योग्य होय. यर्देन नदीच्या पाण्यात उतरलेला येशू आता गव्हाणीतील बाळ राहिलेला नाही. तो आपल्या कार्याला निघाला आहे.

तरीही जुन्या पिढीच्या मनात आणखी एक तारीख आहे, ती २ फेब्रुवारीची. नाताळापासून मोजले तर हा चाळिसावा दिवस. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलाला जन्म दिलेल्या आईचे चाळीस दिवस पुरे झाले की तिने मंदिरात जाऊन अर्पण करावयाचे असे. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमला गेले, म्हाताऱ्या शिमोनाने त्याला हातांत घेतले आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नाने देवाचे आभार मानले, हे आपण लूकच्या शुभवर्तमानात वाचतो. १९६९ पूर्वी या सणाला मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणत असत. आता त्याला प्रभूच्या समर्पणाचा सण म्हणतात. मेणबत्त्या आशीर्वादित करून आपण मिरवणुकीने चर्चमध्ये जातो, तो हाच दिवस. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीच्या आधी कधीच येत नाही. त्यामुळे २ फेब्रुवारीपर्यंत ठेवलेली गव्हाणी प्रायश्चित्तकाळाच्या आड येत नाही.

आमच्या घरी याच चार तारखांमधून निवड करण्याची वेळ २०१२ च्या नाताळात आली. त्या निवडीवर गव्हाणीखेरीज आणखी काही अवलंबून होते.

त्या वर्षी पावसाने जालना जिल्ह्याकडे पाठ फिरवली होती. वडीलधारी माणसे त्या दुष्काळाची तुलना १९७२ शी करीत. मोसंबीच्या उभ्या बागा वाळत होत्या आणि पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत होती. अशा वर्षी आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड पाठीवर टाकायचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात कोपी करून राहायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी एक जण बसून राहिला तर त्या दिवसांचे खाडे मांडले जातात आणि ते पैसे हिशेबातून कापले जातात.

आमच्या धाकट्या भावाने पूर्ण कोयत्याची उचल घेतली होती. त्याची पत्नी गरोदर असल्याने मागे राहिली आणि नाताळच्या दोन दिवस आधी बाळंत झाली. वर्षअखेरीस मुकादमाचा निरोप आला : नवे वर्ष लागले की सूनबाईला पाठवा, खाडे वाढत चालले आहेत. घरात कोणी यावर स्पष्ट बोलेना. उचल घेतलेली होती, ती दाण्यागोट्यात आणि जुन्या देण्यात खर्चही झाली होती. आमच्या गावातील किती तरी बाया अशाच ओल्या बाळंतिणी असताना फडावर गेल्या होत्या. जाणार, हे जणू ठरल्यासारखेच होते.

त्याच संध्याकाळी गव्हाणीचा विषय निघाला. घर लहान. बाळंतिणीची बाज आणि गव्हाणी एकाच खोलीत. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, उद्या एक तारखेला गव्हाणी काढून घेऊ. बाजेला जागा होईल." आम्ही १३ जानेवारी सुचवली, त्या वर्षी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण त्या रविवारी होता. आई शेगडीपाशी बसून बाळाची दुपटी शेकत होती. ती म्हणाली, "आपल्यातली बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसती. मग मरियामायला आठ दिवसांत उठवून खोक्यात घालता व्हय रे? तिचा सव्वा महिना होऊ द्या."

एवढेच बोलून ती पुन्हा दुपटी शेकू लागली. धाकट्या सुनेविषयी ती एक अक्षरही बोलली नाही. पण त्या वाक्यानंतर खोलीत जी शांतता पसरली तिचा अर्थ सर्वांना कळला होता. मातीच्या मरियेला सव्वा महिना द्यायचा आणि तिच्या शेजारीच बाजेवर निजलेल्या जिवंत आईला नवे वर्ष लागताच फडावर धाडायचे, असे म्हणण्याची छाती घरात कोणालाही झाली नाही.

गव्हाणी २ फेब्रुवारीपर्यंत राहिली. सूनबाई त्या हंगामात गेल्याच नाहीत. याची किंमत पडली. ती सांगितली पाहिजे, नाही तर ही कथा फार गोड होईल. दोन शेळ्या विकाव्या लागल्या. उचलीतील राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर लिहिली गेली आणि ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी दोघांनाही लवकर निघावे लागले. भावाने बाळाचे तोंड पाहिले ते मार्चच्या अखेरीस, पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास. गव्हाणी तोवर थांबली नाही. सण कोणासाठी थांबत नाही. ज्यांना घरी येता येत नाही त्यांच्यावाचून तो होतो आणि ती उणीव घराने मनात ठेवायची असते.

आईने शुभवर्तमानातील चाळीस दिवस आणि आपल्याकडचा सव्वा महिना यांची सांगड घातली, ती कोणत्याही पुस्तकात वाचून नव्हे. तिला ते चाळीस दिवस विटाळाचे वाटले नाहीत, विसाव्याचे वाटले. आम्ही त्यानंतर लूकचा तो उतारा वाचतो तेव्हा काही गोष्टी अधिक ठळक दिसतात. मरियाही हुकमामुळे घर सोडून निघाली होती. तिचीही प्रसूती परक्या गावी, जनावरांच्या जागेत झाली. मंदिरात तिने दिलेले अर्पण पारव्यांचे किंवा कबुतरांच्या पिलांचे, म्हणजे ज्यांना कोकरू परवडत नाही अशा गरिबांचे होते. उसाच्या फडातील कोपीत बाळाला लुगड्याच्या झोळीत निजवून मोळ्या बांधणारी आई ही त्या मरियेची किती जवळची नातेवाईक आहे!

म्हणून आमच्या घरी आता दोन दिवस ठरलेले आहेत. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी चांदणी, पताका आणि विजेची माळ उतरते. चर्चचा नाताळकाळ संपला, याचा मान राखला जातो. गव्हाणी मात्र राहते. पेरलेला गहू तोवर पिवळा पडतो, कापूस मळतो, मुलांचे लक्ष उडते. ते तसेच असावे. बाळंतिणीच्या पहिल्या आठवड्यात घरी गर्दी असते. चौथ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही आणि तिला गरज तर तेव्हाही असते. रोषणाई गेल्यावर उरलेली ती साधी गव्हाणी पाहताना हे आठवते.

२ फेब्रुवारीला आशीर्वादित मेणबत्ती घरी आणून गव्हाणीपुढे लावावी. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीने, शिमोनाची आणि हन्नाची आठवण म्हणून, बाळ येशूची मूर्ती उचलावी आणि ती प्रत्येकाच्या हातात द्यावी. एक आमच्या स्वर्गीय बापा, एक नमो मरिया म्हणावी. मूर्ती जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळाव्यात. तुराट्या चुलीला जातील, कडबा गाईपुढे पडेल, गव्हाचे पाते बांधावर जाईल.

ज्यांची सोय १३ जानेवारीची असेल त्यांनी त्या दिवशी उतरवावी. ज्यांना तीन राजांपर्यंतच जमते त्यांनी तसे करावे. यात कोणी कमी श्रद्धावान ठरत नाही. परंतु तारीख ठरवताना घरात एकदा विचारावे : आपल्या कुटुंबात, आपल्या वस्तीवर, आपल्या धर्मग्रामात या क्षणी कोणाचा सव्वा महिना पुरा व्हायचा आहे? कोणाला विसावा हवा आहे आणि तो देण्याची ऐपत आपल्यापैकी कोणाकडे आहे? ज्या वर्षी याचे उत्तर सापडेल, त्या वर्षी तारखेचा वाद आपोआप मिटेल.