नाकारणारे आंधळे नव्हते

कर्तृत्ववान माणसाला आरंभी कुणी नाकारले असेल, तर त्याची कथा सांगताना आपण नाकारणाऱ्यांना हटकून आंधळे ठरवतो. मला ही रीत पटत नाही. का पटत नाही ते सांगायचे, तर अमेरिकन फुटबॉलमधल्या जेम्स हॅरिसनची सुरुवातीची वर्षे पाहावी लागतील.

हॅरिसन ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराचा. केंट स्टेट विद्यापीठाकडून तो लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या ओळीत, खेळला. २००२ साली एनएफएलमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सातही फेऱ्या संपल्या, पण ३२ संघांपैकी एकानेही त्याचे नाव घेतले नाही. त्याची सहा फूट उंची त्या जागेसाठी कमी मानली गेली. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला घेतले, काढले, पुन्हा घेतले, पुन्हा काढले. बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला जर्मनीतल्या ऱ्हाइन फायर संघाकडे धाडले आणि मग सोडून दिले. २००४ च्या उन्हाळ्यात स्टीलर्सच्या एका लाइनबॅकरचा हात दुखावला, तेव्हा हॅरिसनला परत बोलावणे आले.

इथवरची कथा एखाद्या प्रेरणादायी पुस्तकात शोभेल. परंतु त्याला काढण्यामागे उंचीखेरीज आणखी एक कारण होते: संघाचे डावपेच त्याच्या डोक्यात बसत नव्हते. गोंधळ उडाला की तो मध्येच थांबे आणि ‘मला बाहेर काढा’ अशी खूण प्रशिक्षकांना करी. बचावपटूला चेंडू कुठे जाणार हे आधी ठाऊक नसते. प्रतिस्पर्धी कसे उभे आहेत, पहिले पाऊल कुठे टाकतात, यावरून ते क्षणात वाचावे लागते. अकरांतल्या एकाचे वाचन चुकले, तरी फळीला भगदाड पडते. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला घरी पाठवणारे आंधळे कसे?

पुढली वर्षे बव्हंशी राखीव खेळाडू म्हणून गेली. नियमित जागा मिळाली ती २००७ साली. २००८ च्या हंगामात त्याने १६ वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले आणि तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. निवडीत कुणीच न घेतलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता.

१ फेब्रुवारी २००९ रोजीच्या सुपर बोलमधली त्याची शंभर यार्डांची धाव प्रसिद्ध आहे. मी तिचे चित्रीकरण अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी माझी नजर धावेआधीच्या क्षणावर थबकते. मध्यंतर काही सेकंदांवर आले होते आणि अ‍ॅरिझोना कार्डिनल्स गोलरेषेला येऊन भिडले होते. ठरलेल्या डावानुसार हॅरिसनने क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरवर चाल करून जायचे होते. चेंडू झटपट फेकला जाणार, आपण वेळेत पोहोचणार नाही, हे त्याने ताडले. चाल केल्याचा नुसता आभास निर्माण करून तो मागे सरला आणि चेंडू नेमका त्याच्या हाती आला. पलीकडच्या टोकाला पोहोचल्यावर तो धापा टाकत पडून राहिला. स्टीलर्सनी तो सामना २७-२३ असा जिंकला.

ज्याला एके काळी डाव पाठ होत नव्हता, त्याने त्या दिवशी ठरलेला डाव जाणूनबुजून बाजूला ठेवला. उरलेले दहा जण कुठे असतील हे पक्के ठाऊक असल्याखेरीज आपली जागा सोडण्याचे धाडस कुणी करीत नाही. ते ज्ञान २००२ साली त्याच्याजवळ नव्हते. प्रशिक्षकांना मूर्ख ठरवले, की त्याने ते कसे कमावले हा प्रश्नच उरत नाही. आणि मला तर त्याच्या कथेत जाणून घ्यावेसे वाटते ते तेवढेच.